चौदा बल्ब

वायरमनने खाली मीटरच्या पेटीचं झाकण लावलं, स्क्रू ड्रायव्हर खिशात खोचला, वर आला आणि जे बोलायला नको होतं तेच, ज्यांच्यासमोर बोलायला नको होतं त्यांच्याचसमोर बोलून गेला.

"फोरमनसाहेब, घरातले बल्ब बदलून टाका सगळे. दुसरा इलाज नाही."

स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या धाकट्या सुनेच्या हातातली बशी कपावर वाजली. लग्न होऊन ती ह्या घरात आली त्याला नऊ वर्षं झाली होती, आणि नऊ वर्षांत हे वाक्य तिने जिभेवर कितीदा आणून गिळलं होतं त्याला गणती नव्हती. आज एका परक्या माणसाने ते खोलीच्या मधोमध ठेवून दिलं.

सासरे वरच्या बल्बकडे बघत राहिले. वायरमनला वाटलं, म्हाताऱ्याला नीट कळलं नाही. तो उत्साहाने समजावायला लागला. "भिंतीतली वायर चाळीस वर्षांची आहे. तिच्यावर फ्रीज, पाण्याचा पंप, आणि आता हे ऑक्सिजनचं मशीन. ते दिवसाचे सोळा तास चालणार म्हणताय. वर तुमचे हे बल्ब, साठचे नि शंभराचे. सगळं एकदम चालू झालं की फ्यूज गेलाच म्हणून समजा."

"फ्यूजला जाड तार घाल."

"हे तुम्ही सांगताय? जाड तार घातली तर फ्यूज राहील आणि वायर पेटेल. नवी लाईन ओढायची तर अर्ज, तपासणी, तीन आठवडे तरी धरा. तोवर हे नऊ-नऊ वॅटचे लावा. बिलसुद्धा निम्म्यावर येईल."

"चहा घेऊन जा," सासरे म्हणाले आणि आतल्या खोलीत निघून गेले. वायरमनने एकदा बंद दाराकडे, एकदा चहाकडे पाहिलं आणि चहा न घेताच काढता पाय घेतला.

फोरमन. कारखाना बंद होऊन अकरा वर्षं झाली तरी सगळी गल्ली त्यांना फोरमनच म्हणायची. बल्बच्या कारखान्यात तारेच्या विभागात त्यांची हयात गेली. केसाहून बारीक तारेचं वेटोळं काचेच्या दांडीवर बसवायचं, ते हललं की बल्ब गेला, असं ते काम. सासूबाईही तिथेच तार बसवायला होत्या. दोघांची गाठ तिथेच पडली. शेवटच्या दिवशी सासऱ्यांनी तीन मोठ्या पेट्या भरून बल्ब घरी आणले, आणि तेव्हापासून ह्या घरात दुसरा दिवा लागला नव्हता.

आणि धाकटी सून नोकरीला होती ती त्याच इमारतीत. जुन्या भट्ट्या उखडून तिथे आता एलईडीचे दिवे जोडायचा कारखाना झाला होता, आणि तपासणीच्या टेबलावर ती बसायची. लग्नाच्या बोलण्यात सासऱ्यांनी मुलीच्या नोकरीला हरकत घेतली नव्हती. कुठली नोकरी हे कळल्यावर मात्र ते जे गप्प झाले ते त्या बाबतीत गप्पच राहिले. तिच्या कारखान्याचं नाव ते घेत नसत. "तिकडून आली का?" एवढंच विचारायचे. जणू ती रोज कुठल्या तरी वाईट वस्तीत जाऊन यायची.

*

त्या दिवशी सगळेच घरी होते. आई, म्हणजे सासूबाई, अठरा दिवसांनी हॉस्पिटलमधून परत यायची होती. तिचा पलंग खिडकीशी सरकवला होता, पलंगाशेजारी गुडघ्याएवढ्या उंचीचं ते पांढरं मशीन, आणि कोपऱ्यात वीज गेली तर हाताशी असावा म्हणून छोटा सिलिंडर. नर्स असलेली नणंद, सगळ्यांची ताई, सकाळी येऊन मशीनच्या नळ्या बघून गेली होती आणि आता आईला आणायला निघणार होती. थोरला मुलगा आपली गाडी गल्लीच्या तोंडाशी लावून आला होता. धाकट्या सुनेच्या नवऱ्याने लिफ्टच्या कंपनीतून सुट्टी घेतली होती. तो मेकॅनिक होता, बोलण्यापेक्षा स्क्रू पिळण्यात त्याला सुख वाटायचं.

"मी आधीपासून सांगतोय," थोरला म्हणाला, "आईला माझ्याकडे नेऊ. अकरावा मजला असला तरी इमारतीला जनरेटर आहे. वीज गेली तर अर्ध्या मिनिटात येते. इथे काय आहे? चाळीस वर्षांची वायर!"

"आईला विचारलंस?" ताईने विचारलं.

"आजारी माणसाला काय विचारायचं?"

"आजारी माणसालाच विचारायचं असतं. ती म्हणाली, मला माझ्या खिडकीशी न्या. तुझ्या अकराव्या मजल्यावरून तिला काय दिसणार, ढग?"

थोरला हसला नाही. "मग बल्ब तरी बदला. माझ्याकडे दोन एसी आहेत, तरी ह्या घराचं बिल माझ्यापेक्षा जास्त येतं. कुणाला सांगितलं तर वेड्यात काढतील."

तो हे बोलत असतानाच आतलं दार उघडलं. सासरे उंबऱ्यात उभे होते. त्यांनी कुणाकडे न बघता सांगितलं, "काय बंद करायचं ते करा. फ्रीज बंद करा. पंप बंद करा, मी खालच्या नळावरून पाणी भरतो. बल्बला हात लावायचा नाही."

"बाबा, अहो बहात्तर वर्षांचे तुम्ही, बादल्या उचलणार?"

"उचलेन."

"पण का? एक कारण सांगा."

"त्या दिव्यांना उजेड म्हणत नाहीत," सासरे म्हणाले. "नुसता पांढरा फटक रंग. त्यात ऊब नाही, जीव नाही. आजारी बाईला तसल्या उजेडात निजवायचं? ते दिवे पेटत नाहीत, नुसते असतात."

खोलीत कुणीच धाकट्या सुनेकडे बघितलं नाही, आणि त्यामुळेच तिला कळलं की सगळ्यांच्या मनात तीच आहे. तिच्या कपाटात, हिवाळ्याच्या कपड्यांखाली, दोन खोकी पडून होती. वर्षाअखेरीला कारखाना प्रत्येकाला एकेक डझन दिवे द्यायचा. पहिली काही वर्षं तिने ते शेजारणींना वाटले. गेली दोन वर्षं दिले नव्हते. कशासाठी ठेवले, हे तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं.

हिशेब तिला तोंडपाठ होता. घरात चौदा बल्ब: सहा शंभराचे, आठ साठचे. एक हजार ऐंशी वॅट. त्या जागी तिचे चौदा लावले तर सव्वाशे. आईचं मशीन साडेतीनशे घेणार होतं. वाचलेल्या विजेत तशी दोन मशीनं चालली असती. पण हे बोलायचं कुणी? नवऱ्याने तिच्याकडे डोळ्याने खूण केली: गप्प राहा. ती गप्प राहिली.

ताईने तोडगा काढला. लहानपणापासून ती बाबांचं शेपूट. घटस्फोटानंतर सगळे तिच्याकडे पाठ फिरवून बसले तेव्हा बाबांनीच तिला ह्याच घरात दोन वर्षं ठेवलं होतं, आणि ते ती कधी विसरली नव्हती. आताही ती म्हणाली, "ठीक आहे. बल्ब राहू देत. पण जिथे माणूस आहे तिथलाच दिवा लावायचा. आईच्या खोलीतला एक, स्वयंपाकघरातला एक. बस्स. मशीन चालू असताना तिसरा लागता कामा नये. चालेल, बाबा?"

"चालेल."

"दादा?"

थोरल्याने खांदे उडवले. "तुमचं घर, तुमचा कारभार. मी आपला पाहुणा."

"तू पाहुणा कधीपासून झालास?" ताई म्हणाली आणि पर्स उचलून निघाली.

*

आईला दोघांनी खुर्चीत बसवून वर आणलं. अठरा दिवसांत ती एवढी हलकी झाली होती, की थोरला आणि धाकटा दोघांनीही जिन्याच्या वळणावर एकमेकांकडे पाहिलं. पलंगावर टेकल्यावर ताईने नळी तिच्या नाकाशी बसवली, मशीनचं बटण दाबलं. मशीन घुमायला लागलं. धाप हळूहळू बसली.

"घर धुतलंत वाटतं," आई म्हणाली. मोठं वाक्य तिला झेपत नसे. दोन-तीन शब्द झाले की थांबायचं.

"हिने धुतलं," सासरे म्हणाले.

आईने धाकट्या सुनेकडे बघून मान हलवली. ह्या घरात सुनेला शाबासकी अशीच, मानेनेच मिळायची, आणि तिला ती पुरायची.

दुपार नीट गेली. सासऱ्यांनी खरंच खालून पाणी भरलं. सहा बादल्या. पाचव्या बादलीला थोरला न बोलता जिन्यात उभा राहिला आणि त्याने ती त्यांच्या हातातून घेतली. सासऱ्यांनी सोडली. सहावी बादलीही थोरल्यानेच आणली. फ्रीजमधलं दूध धाकट्या सुनेने उकळून ठेवलं. आईने चार घोट घेतले. तिने ताईला हॉस्पिटलमधल्या शेजारच्या खाटेवरच्या बाईची नक्कल करून दाखवली, धाप लागली, थांबली, आणि पुन्हा केली. सगळे हसले. सासरेसुद्धा.

मग दिवस कलला.

सासऱ्यांना एक सवय होती. कारखान्यात संध्याकाळची पाळी सुरू व्हायची त्या वेळी विभागातले सगळे दिवे लावत ते एक फेरी मारायचे. कारखाना गेला, फेरी राहिली. अंधारून आलं की ते घरभर फिरायचे: पुढची खोली, मधला बोळ, न्हाणीघर, जिना, मागची गॅलरी. प्रत्येक बटण दाबायचे, बल्बकडे क्षणभर बघायचे आणि पुढे जायचे. सुनेला हे इतकं सवयीचं होतं, की ती बटणांच्या आवाजावरून ते कुठवर आले ते सांगू शकत असे.

त्या संध्याकाळी ती स्वयंपाकघरात आईसाठी भाज्यांचं पातळ सूप ढवळत होती. तिच्या कानावर पुढच्या खोलीतलं बटण पडलं. मग बोळातलं. ढवळणारा हात थांबला, पण का थांबला ते मनाला कळलं नाही. रोजचाच आवाज तो, रोजच्यासारखाच आला आणि गेला. न्हाणीघर. जिना. तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं.

"बाबा!" ती ओरडली.

गॅलरीतलं बटण वाजलं, आणि सगळं घर अंधारात गेलं.

पाठोपाठ आईच्या खोलीतून मशीन किंचाळायला लागलं. वीज गेली की ते तसं ओरडतं, हे ताईने सकाळीच सांगितलं होतं, पण सांगणं वेगळं आणि ऐकणं वेगळं. एका सुरात, न थांबता ते ओरडत होतं. थोरला धडपडत आत गेला, कशावर तरी आपटला. ताईचा आवाज आला, "मोबाईल धर! इकडे धर, तोंडावर नको!" धाकटी सून दारात पोचली तेव्हा मोबाईलच्या झोतात तिला ताईचे हात दिसले. ते हात सिलिंडरची चावी फिरवत होते, सावकाश, जराही न घाबरता. आणि आई दिसली, उशीवरून अर्धवट उठलेली, दोन्ही हातांनी चादर मुठीत धरलेली, तोंड उघडं.

"आई, माझ्याकडे बघ. नाकाने. हळू. झालं, आलंच. हं... आलं बघ."

सिलिंडरची फुसफुस सुरू झाली. सगळं मिळून मिनिटभरही गेलं नसेल. आईच्या मुठी सुटल्या. ताईने मशीनचं बटण बंद केलं तसा तो आवाजही थांबला, आणि मग गॅलरीच्या बाजूने पावलं आली. सासरे दारात येऊन उभे राहिले. त्यांचा एक हात अजून वर होता, बटण दाबायला उचलल्यासारखा.

थोरल्याने मोबाईल त्यांच्याकडे वळवला. "बाबा, काय केलंत हे? सकाळी कबूल केलं होतंत ना? जीव गेला असता तिचा!"

"दादा, पुरे," सुनेचा नवरा म्हणाला. सबंध दिवसात तो एवढंच बोलला होता.

"पुरे काय? कुणीतरी बोलायला नको? सगळे आपले बाबा, बाबा! आत्ताच्या आत्ता गाडीत घालतो आईला..."

"मी विसरलो," सासरे म्हणाले.

त्यांनी ते इतकं साधं सांगितलं, की थोरल्याच्या तोंडातलं पुढचं वाक्य तिथेच राहिलं. सासऱ्यांचं चुकलं असं त्यांनी स्वतः म्हटलेलं ह्या घरात कुणी ऐकलं नव्हतं. कारखाना बंद पडला तेव्हाही नाही, ताईचं लग्न त्यांनी हट्टाने लावलं आणि ते मोडलं तेव्हाही नाही.

आणि मग ताई बोलली. सिलिंडरवरचा काटा बघत, वर न बघता. "बाबा, हा सिलिंडर दोन तास पुरतो. आज मी होते. उद्या मी कामावर असेन. तुमच्या बाजूने मी आयुष्यभर बोलले, आज नाही बोलणार. बल्ब काढा."

सासरे पत्नीकडे वळले. "ते तुझे आहेत," ते म्हणाले. आवाज घोगरा झाला होता. "कारखान्याच्या शेवटच्या आठवड्यात तुझ्या टेबलावरचे ट्रे मी बाजूला काढायला लावले होते. तिन्ही पेट्या. ह्या घरात लागलेल्या प्रत्येक बल्बची तार तुझ्या हातची आहे. तुझं काम सुटलं, डोळे अधू झाले, मग छाती... मला वाटलं, एवढं तरी राहू दे."

ही गोष्ट मुलांना ठाऊक नव्हती. थोरल्याने मोबाईल हळूच खाली केला.

आईने डोळे मिटले. श्वास गोळा करत असेल असं सगळ्यांना वाटलं.

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "माझ्या हातची तार... मला ओळखू येणार नाही?" थांबली. "पण मला तो उजेड... कधीच आवडला नाही."

"काय?"

"दिवसभर तेच बघायचं. डोळ्यांत खुपायचं. घरी आले की परत... तेच." पुन्हा श्वास. "आणि उकडायचं किती! उन्हाळ्यात... त्या शंभराच्या बल्बखाली... भाजी चिरायचे मी. घाम डोळ्यांत जायचा."

"मग बोलली का नाहीस? एवढ्या वर्षांत?"

"तुम्ही फेरी मारायचात ना. प्रत्येकाकडे बघत." ती किंचित हसली. "कारखाना गेल्यावर... तेवढंच राहिलं होतं तुम्हाला. कशी बोलणार?"

सासरे पलंगाच्या कडेला बसले. त्यांनी हात पुढे केला, पण कुठे ठेवावा ते न कळून चादरीवरच ठेवला.

"काढा ते," आई म्हणाली. "मला श्वास हवा."

*

धाकट्या सुनेने कपाट उघडलं, कपड्यांखालून दोन्ही खोकी काढली. नऊ वर्षं ह्या क्षणाची वाट पाहिली होती असं कुणी म्हणालं असतं तर ती नाही म्हणाली असती, पण ते खोटं ठरलं असतं. तिला मनोमन वाटायचं, एक दिवस येईल आणि ती बरोबर ठरेल. तो दिवस आला होता आणि तिला फक्त एवढंच हवं होतं, की आपल्या चेहऱ्यावर ते दिसू नये.

नवरा खाली मीटरपाशी फ्यूज बांधायला गेला. थोरल्याने स्टूल आणलं. "मी चढतो," तो म्हणाला.

"तू धर नुसतं," सासरे म्हणाले. "ते बल्ब मीच काढणार."

सासरे स्टुलावर चढले. थोरल्याने दोन्ही हातांनी स्टूल धरलं, आणि थोड्या वेळाने एका हाताने त्यांची पोटरीही धरली. सासऱ्यांनी बल्ब काढला, अजून ऊन होता, म्हणून फडक्यात गुंडाळून सुनेकडे दिला. तिने तो खोक्यात नीट उभा ठेवला आणि नवा दिवा त्यांच्या हातात दिला.

त्यांनी तो कानाशी नेऊन हलवला. जुन्या बल्बची तार तुटलेली असली की आत किणकिणते. हयातभर हाताला लागलेली ती परीक्षा. ह्या दिव्यातून काहीच आवाज आला नाही. मोबाईलच्या उजेडात त्यांनी तो उलटा-सुलटा करून पाहिला.

"वाजत नाही," ते म्हणाले.

"आत तार नसते, बाबा."

"मग नापास कसा ओळखतेस?"

तिला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. ते तिच्याकडेच बघत होते, स्टुलावरून, खाली वाकून. नऊ वर्षांत पहिल्यांदा ते तिच्या कामाबद्दल विचारत होते.

"आम्ही आधी पेटवून ठेवतो," ती म्हणाली. "ताटलीत पन्नास-पन्नास लावून, चांगले तापेपर्यंत. मग भराभर बंद-चालू, बंद-चालू करायचं. कच्चा असला तर तिथेच मरतो. मग मी एकेकाचं लुकलुकणं बघते. यंत्र पण बघतं, पण यंत्राच्या हातून कधी कधी सुटतं. माझ्या डोळ्यांना कळतं."

"शंभरात किती नापास?"

"एखादा."

सासऱ्यांनी दिवा पुन्हा हातात फिरवला. "आमचे चार जायचे," ते म्हणाले. "चांगल्या दिवशी."

थोरला स्टूल धरून तसाच उभा होता. आपण काही मोठं बघतोय असं त्याला वाटलं की काय कोण जाणे, पण त्याने घाई केली नाही.

मग ते खोलीखोलीतून फिरले, तिघे मिळून. पुढची खोली, बोळ, न्हाणीघर, जिना, गॅलरी. सासरे चढायचे, थोरला धरायचा, सून एक घ्यायची आणि एक द्यायची. शेवटचा बल्ब आईच्या खोलीतला. तो काढून झाल्यावर ताईने खिडकीतून खाली आवाज दिला, आणि नवऱ्याने खालून फ्यूज बसवला.

सगळं घर एकदम उजळलं. कुणीच बटणं बंद केली नव्हती. चौदाच्या चौदा दिवे एका क्षणी लागले. पांढरा, सपाट उजेड. भिंतीवरचे ओल आलेले डाग दिसले, कपाटावरची धूळ दिसली. ताईने मशीनचं बटण दाबलं. मशीन घुमायला लागलं. सगळे जण श्वास रोखून उभे राहिले. फ्यूज टिकला.

"फ्रीज लाव!" ताई म्हणाली. सुनेने स्वयंपाकघरात जाऊन फ्रीज लावला. टिकला. "पंप!" टिकला.

खालून नवऱ्याचा आवाज आला. क्वचितच चढायचा तो आवाज. "दादा! मीटरची चकती बघायला ये! मघाशी गरगर फिरायची, आता मोजता येते!"

थोरला जिना उतरून गेला. खाली दोघे भाऊ मीटरपाशी डोकं जुळवून मोठमोठ्याने फेऱ्या मोजताहेत, हे वर ऐकू येत होतं. कितीतरी वर्षांनी दोघांनी मिळून काही केलं होतं.

सूप आणायला वळलेली सून दारातच थांबली. सासरे पलंगाशी उभे होते. ते बायकोकडे बघत होते, आणि बघता बघता त्यांचा चेहरा बदलत गेला.

तो पिवळा उजेड दयाळू होता. त्याच्याखाली आईचा रंग उजळ, उबदार दिसायचा. ती थकली असली तरी तिने नुकतंच काम संपवलंय असंच वाटायचं. आता ती होती तशी दिसत होती. गालांवर करडी छटा. डोळ्यांखाली खड्डे. ओठांच्या कडा निळसर, शाई पुसून घेतल्यावर राहावी तशा.

"हिचे ओठ असे कधीपासून आहेत?" सासऱ्यांनी विचारलं.

ताईने आईच्या पांघरुणाची कड सारखी केली. "दोन-तीन महिने तरी, बाबा. मी आले की तिला दारात, उन्हात बसवून बघायचे. तुम्हाला म्हटलं होतं मी."

"मला दिसलं नाही."

"हो."

जिंकल्याचा मागमूसही धाकट्या सुनेत उरला नव्हता. क्षणभर तिला वाटलं, पुढे होऊन दिवा घालवावा, त्यांना एवढं बघायला लावू नये. आता ते म्हणतील, बंद करा हा उजेड. तिची खात्रीच झाली.

पण ते तसं काही म्हणाले नाहीत. त्यांनी खुर्ची ओढली, अगदी पलंगाला भिडवली आणि बसले. "काय बघताय एवढं?" आईने विचारलं.

"तुला."

"नवीन आहे काय?"

"हो," सासरे म्हणाले.

आईने मान थोडी वळवली, पण तोंड लपवलं नाही.

"हे मशीन किती तास चालवायचं म्हणालीस?" त्यांनी ताईला विचारलं.

"सोळा. पुढे कदाचित जास्त. बाबा, एक सांगते... तिला बरं वाटेल ह्याने. पण बरी होणार नाही ती."

"कळतं मला." त्यांनी नळीकडे हात केला. "ती नळी लावायची कशी, ते दाखव. तू कामावर जाशील. ही कारखान्यात जाईल. मी घरीच असतो."

ही कारखान्यात जाईल. तिकडे नव्हे, कारखान्यात. सून दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली.

ताईने आईच्या नाकाशी बसवलेली नळी अलगद काढली. "बघा. ही दोन टोकं नाकात, वाक खालच्या बाजूला. मग दोन्हीकडून कानांमागून घ्यायची, हनुवटीखाली ही कडी सरकवायची. फार घट्ट नको, कातडी सोलते."

सासऱ्यांनी नळी हातात घेतली. बहात्तर वर्षांचे ते हात, पाण्याच्या बादल्या उचलून लाल झालेले. जरा आधी स्टुलावर ते किंचित थरथरत होते, सुनेने पाहिलं होतं. आता ते थरथरत नव्हते. त्यांनी आधी एका बाजूचे पांढरे केस बोटाने मागे सारले, नळी कानामागे बसवली, मग दुसरी बाजू. कडी हनुवटीशी आणली, एक करंगळी आत घालून किती सैल आहे ते पाहिलं, आणि जरा आणखी सैल केली.

"टोचतंय कुठे?"

आईने मान हलवली. नाही.

"नीट सांग. मनात ठेवू नकोस."

"डाव्या कानामागे," आई म्हणाली. "थोडं."

त्यांनी ती बाजू काढली आणि पुन्हा पहिल्यापासून बसवायला घेतली.